अज्जांच्या खिशातलं लाइव्ह

आमचे अज्जा, म्हणजे आजोबा मडिवाळप्पा, एकदा बोलले की विषय संपला. ग्रामसभेत ते उठले आणि म्हणाले, "परदेशात सरकारं पोरांच्या फोनवर कायदे करून राहिलीत, आपण कशाची वाट बघायची?" झालं! सोळाच्या आतल्या आम्हा सगळ्या पोरांना देवळात बेलभंडारा उचलायला लावला. शपथ अशी, की संध्याकाळी सातचा भोंगा वाजला की फोनला हात लावायचा नाही. मीही उचलला. चौदा वर्षांच्या दामिनीला विचारतं कोण?

मला मात्र रडूच आलं. दिवसभर शाळा, शिकवणी. मल्लूचे व्हिडिओ काढायला मला संध्याकाळचाच वेळ मिळायचा. मल्लू म्हणजे आमचा देवणी वळू. अंग पांढरंशुभ्र, गाल काळे आणि नखरे नवरदेवाचे. त्याला बघायला रोज पार उदगीरपर्यंतचे लोक फोन उघडून बसायचे.

मागच्या आठवड्यात गोठ्यात मी मल्लूला लाइव्ह दाखवत होते, तेवढ्यात भोंगा वाजला. अज्जांनी फोन हिसकावला आणि सदऱ्याच्या खिशात उभा खोचला. कॅमेरा बाहेर, लाइव्ह चालूच!

"अज्जा, ते बंद करा!"

"आता रडून भागत न्हाई."

"रडून न्हाई राहिले, लोक बघून राहिलेत!"

"बघू दे." त्यांनी मला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

मी धावत आईकडे गेले. आईनं तिच्या फोनवर तेच लाइव्ह उघडलं, पण तिथून ते बंद करता येईना, म्हणून आम्ही दोघी बघत बसलो. मल्लूचं भलंमोठं नाक दिसत होतं आणि अज्जा लाडात आले होते. "माझं सोनं ते! पोरगी लई रुसली रे माझ्यावर. तुझे सगळे व्हिडिओ बघतो मी, पांघरुणात तोंड खुपसून. किती गोड बोलती त्यात! माझ्यासंगं मात्र दोन शब्द न्हाई."

इतका वेळ मी पोट धरून हसत होते. आता डोळ्यांत पाणी आलं.

तोवर सरपंच अमृतराव धापा टाकत आले आणि गोठ्याचं दार ढकलून आत शिरले, मागोमाग मी. "अप्पा, सगळा तालुका बघून राहिलाय तुम्हाला!" अज्जांनी घाबरून फोन बाहेर काढला. सरपंचांनी कुठंतरी बोट दाबलं, तर पडद्यावर अज्जांना मांजराचे कान फुटले.

"दामिनी, बंद कर ते!"

"बेलभंडारा उचललाय अज्जा. हात लावणार न्हाई."

मांजराचे कान घेऊन अज्जा लालबुंद झाले. मग हळूच म्हणाले, "बरं, माझा हात तर धरशील?"

मी त्यांचं बोट धरलं, बरोबर जागेवर नेलं आणि दाबलं. लाइव्ह बंद झालं.

शपथ अजून शाबूत आहे. आता भोंग्यानंतर फोन अज्जा धरतात आणि त्यांचं मनगट मी. "वर धरा की!" म्हणून मी ओरडले, की ते गरीब होऊन, मान डोलवत "हाव" म्हणतात.

काल ते फोन न घेताच गोठ्यात आले. "मल्लूचं ऱ्हाऊ दे आज," म्हणाले, "तू बोल, मी ऐकतो." मी जी सुरू झाले, ती आईनं जेवायला कितीदा हाक मारली तरी थांबले नाही.