ना हरकत, एका अटीवर

सोयराबाईंना भिंत रंगवायची होती हे खरं, पण एवढ्या मोठ्या बेंगळुरात त्यांना एकच भिंत दिसत होती. आणि ती ज्याची होती, त्या सख्ख्या धाकट्या भावाशी त्या अकरा वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

निमित्त झालं त्यांच्या मुलीचं. अक्षरा एचएसआर भागात एका कंपनीत कामाला. कुठल्याशा नागरी संस्थेनं सार्वजनिक जागी चित्रं काढायला निधी जाहीर केल्याचं तिनं फोनवर वाचलं आणि घरी येऊन आईला सांगितलं. आई चित्रकलेची निवृत्त शिक्षिका, दिवसभर घरात एकटी. आईचा वेळ जाईल, एवढाच अक्षराचा साधा हिशेब.

"के. आर. पुरम स्टेशनजवळची भिंत घे," अक्षरा म्हणाली. "सरकारी आहे, घरापासून चालत जाशील."

"तिथं सगळे पळत असतात. बघणार कोण?"

"मग पार्कची घे."

"मला मल्लेश्वरमची पाहिजे. बस स्टॉपमागची."

अक्षरानं लॅपटॉपवरून मान वर केली. "म्हणजे व्यंकूमामाची?"

"बस स्टॉपमागची म्हटलं मी. मामाच्या कंपाऊंडला लागून बस थांबते, त्याला मी काय करू?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात सोयराबाई कधीच हुशार नव्हत्या. अक्षरा हसली नाही, हे तिचे उपकार.

त्या भिंतीवर एके काळी चित्र होतं. सोयराबाईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एका उन्हाळ्यात काम नव्हतं, तेव्हा उरलेल्या रंगांत त्यांनी घराच्या कंपाऊंडच्या भिंतीवर बसची रांग काढली. फुलवाली, छत्रीवाले मास्तर, पिशवी सांभाळणारे कारकून आणि रांगेच्या शेवटी दोन मुलं. मुलीनं मुलाचा शर्ट मागून घट्ट धरलेला, पळून जाऊ नये म्हणून. ती सोयरा, तो व्यंकोजी. खरी माणसं बसची वाट बघत त्या रंगवलेल्या माणसांना टेकून उभी राहायची, आणि गल्लीला त्याचं फार कौतुक.

अकरा वर्षांपूर्वी व्यंकोजींच्या मुलाचं लग्न ठरलं. घराला रंग लागला, तसा भिंतीलाही लागला. लग्नाच्या दिवशी सोयराबाई रिक्षातून उतरल्या आणि समोर कोरी गुलाबी भिंत. पावसापाण्यानं चित्राचे पोपडे निघाले होते, मास्तरांच्या छत्रीची नुसती मूठ उरली होती, हेही खरंच. पण खरं ऐकून घ्यायला त्या दिवशी कोणाला सवड होती? पंगत बसलेली, व्याही समोर, आणि सोयराबाई वाढलेल्या ताटावरून उठून म्हणाल्या, "बाबा आज पुन्हा गेले. आणि या खेपेला तू घालवलेस."

"अक्का, आलीस तशी जा," व्यंकोजी म्हणाले होते.

त्या गेल्या, त्या गेल्याच. आधी रागानं, मग हट्टानं आणि मग नुसत्या संकोचानं. राग दोन वर्षांत विरला होता, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण हे गाव मोठं खट्याळ. इथं कोथिंबीर घ्यायला जा, भाजीवाला बोलावतो, "बन्नी अक्का." रिक्षावाला जरा पुढं व्हायला सांगतो, "स्वल्प मुंदे होगी अक्का." दिवसातून वीस वेळा 'अक्का' कानावर पडायचं, आणि वीसही वेळा सोयराबाईंची मान वळायची. ज्यानं हाक मारायची तो सोडून अख्खं बेंगळुरू त्यांना हाक मारत होतं.

फॉर्म मोठा चिवट होता. प्रकल्पाचा उद्देश, लाभार्थींची संख्या, देखभाल कोण करणार, एक ना दोन. एका रकान्यात विचारलं होतं, 'या जागेशी तुमचं नातं काय?' सोयराबाईंनी तोंडी सांगितलं, "लिही, माझं माहेर आहे." अक्षरानं इंग्रजीत टाइप केलं, 'माजी रहिवासी.' सोयराबाईंनी चष्मा सारून ते वाचलं आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. माजी तर माजी.

सर्वांत शेवटी होतं ना हरकत पत्र. भिंत खासगी असेल तर मालकाची सही हवी, आणि खाली 'मालकाच्या अटी असल्यास' म्हणून चार ओळी रिकाम्या.

"मी मामाला फोन करू?" अक्षरानं विचारलं.

"नको. रीतसर टपालानं जाऊ दे. नाही म्हणायचं तर सहीच करणार नाही. तोंडावर नाही म्हणायला नको त्याला."

आणि मला ऐकायलाही नको, हे त्या बोलल्या नाहीत. पत्राबरोबर परतीचं पाकीट होतं, तिकीट लावलेलं, पत्ता स्वतःच्या हातानं घातलेला. पेटीत टाकल्यावर त्या पाच मिनिटं तिथंच उभ्या राहिल्या.

मग वाट बघणं. पोस्टमन अकराला येतो, तर या दहापासून गॅलरीत. चार दिवस गेले, आठ गेले. नवव्या दिवशी त्यांनी स्वतःला बजावलं की आता बास, आणि दहाव्या दिवशी साडेनऊलाच गॅलरीत जाऊन बसल्या. भेटावंसं वाटतं, इतकंच होतं त्यांच्या मनात. चित्र, निधी, लाभार्थींची संख्या, सगळी त्यावरची झूल. व्यंकूला बघावंसं वाटत होतं. त्याचे केस किती पिकले असतील, एवढंही त्यांना ठाऊक नव्हतं.

बाराव्या दिवशी पाकीट आलं. सही होती. सोयराबाईंनी ती बोटानं चाचपून पाहिली. आणि खालच्या चारही ओळी भरलेल्या होत्या, चक्क मराठीत. बाबांनी दोघांना त्याच भिंतीवर खडूनं गिरवून शिकवलेलं वळणदार अक्षर.

'काम चालेल तेवढे दिवस चित्रकारानं दुपारी घरात येऊन जेवावं. डबा आणलेला चालणार नाही. मागच्या वेळी अक्का न जेवता गेली.'

अक्षराची शाळा कन्नड-इंग्रजीतली. मराठी ती बोलते, वाचत नाही. "काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"काही नाही, अट घातलीय," सोयराबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडल्या.

शेवटच्या तारखेला अक्षरा अर्ध्या दिवसाची रजा काढून आईबरोबर संस्थेच्या कार्यालयात गेली. टेबलामागे मंजुनाथ नावाचे गृहस्थ होते, सभ्य आणि काटेकोर. त्यांनी एकेक कागद तपासला, मान डोलावली आणि ना हरकत पत्रावर येऊन थांबले.

"हे काय लिहिलंय अम्मा?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. "अट असेल तर मला नोंदवावी लागते. जरा वाचून सांगा."

सोयराबाईंनी अक्षराकडे पाहिलं, मग पत्राकडे. वाक्यावाक्यानं त्या कन्नडमध्ये सांगू लागल्या. जेवणाचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. शेवटचं वाक्य राहिलं. त्यांनी पाणी मागितलं, आणि मग तेही सांगितलं. अक्षरानं आईचा हात धरला.

मंजुनाथांनी पेन खाली ठेवलं. "सरी अम्मा," ते हळू म्हणाले, "अशी अट पहिल्यांदाच आली. चालेल. पत्र द्या, फाइलला लावतो."

"झेरॉक्स आणून देऊ?"

"नाही, मूळ कागदच लागतो."

"परत कधी मिळेल?"

"फाइलला लागलेला कागद परत नाही मिळत. हवं तर दुसरं लिहून आणा, चार वाजेपर्यंत वेळ आहे."

घड्याळात साडेबारा वाजले होते. सोयराबाईंनी हात पुढे केला, पत्र ओढून घेतलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं.

"आई!" अक्षरा जवळजवळ ओरडली. "महिनाभर राबलोय आपण. फोटो काढून देते मी त्याचा!"

"फोटो तू ठेव."

"मग निधी?"

"तो मिळेल कोणाला तरी. मला मल्लेश्वरमची मेट्रो गाठून दे."

माणसानं शहाणपणा कुठं करावा आणि कुठं सोडावा याचे काही नियम नसतात. चार वाजेपर्यंत दुसरं पत्र सहज आणता आलं असतं. पण मूळ पत्रात जे लिहिलं होतं ते त्यांनाच लिहिलेलं होतं, आणि ते फाइलमध्ये ठेवायची त्यांची तयारी नव्हती.

बस स्टॉपवर चार माणसं उभी होती. मागची भिंत खरवडून, धुऊन, नुकताच पांढरा हात मारून तयार ठेवलेली. फाटकाशी एक पांढऱ्या केसांचा माणूस रस्त्याकडे बघत उभा होता. सगळेच पिकलेत की, सोयराबाईंच्या मनात आलं.

व्यंकोजींनी त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "रंग कुठायत?"

"रंग नाहीत रे. अर्जच दिला नाही मी."

"मग?"

"जेवायला आलेय."

व्यंकोजींनी फाटकाची कडी काढली, बाजूला झाले आणि घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली.

"अगं, ताट वाढ. अक्का आलीय."