बंद घरातली आमू

दवाखान्यातून आल्यापासून दीपमालाला ती शीळ ऐकू येई. पंखा बंद असायचा, कुकर उतरवलेला असायचा, आमू समोर शांत झोपलेली असायची. तरी भिंतीपलीकडून कुणीतरी बारीक शीळ वाजवत श्वास ओढतंय, असं वाटायचं.

आमू म्हणजे आम्रपाली, तिची आठ वर्षांची लेक. तिला दमा होता. दीपमालानं घरातून उदबत्ती घालवली, जुन्या गाद्या काढून टाकल्या, दही आणि पेरू बंद केले. पण नाकाला पाणी आलं की दोन-तीन दिवसांत पोरीची छाती भरून यायचीच.

टाळेबंदीत मात्र नवल झालं. शाळा बंद, त्यांची राजापेठ ओस, रस्त्यावर फक्त ॲम्ब्युलन्सचे आवाज. आणि त्या सगळ्या काळात आमूला एकदाही धाप लागली नाही. पोरगी बरी झाली असं समजून दीपमालानं श्वासातून औषध ओढायचा रोजचा पंप थांबवला. शाळा उघडली आणि आमू थेट दवाखान्यात पोचली.

"सर्दीचे विषाणू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलांना असे झटके बहुतेक वेळा सर्दीनंच येतात. घरात होती, सर्दी लागली नाही." पुढं त्या पंपाविषयीही बोलल्या, पण दीपमालाच्या डोक्यात एवढंच राहिलं.

घरी येताच तिनं दार लावून घेतलं. शाळा थांबली. वरच्या मजल्यावरची मैथिली खेळायला आली, की दीपमाला जाळीतूनच तिला परत पाठवी. नवरा प्रीतम नोकरीला अकोल्यात. तो फोनवर चिडायचा, मग फोन ठेवून द्यायचा. आमू खिडकीपाशी बसून राही. हळूहळू तिचं बोलणं कमी झालं, पावलंही वाजेनाशी झाली. दीपमाला ओट्यावरून वळली की ती मागे उभी असे. कधी आली ते कळत नसे.

अशात हिवरखेडहून सासू आली, मैनाबाई. दीपमालानं आधी तिला आंघोळीला पाठवलं, मग मास्क दिला.

"काहून वो, लेकराले कोंडून ठेवलं?" मैनाबाई म्हणाली. "भुतावानी दिसून राहिली पोरगी."

"बाहेर साथ आहे, आई. टाळेबंदीत कशी ठणठणीत होती! ते दिवसच बरे होते."

बोलून गेल्यावर दीपमालाला कळलं. मैनाबाईनं मास्क काढून मांडीवर ठेवला.

"त्याच दिवसांत तुह्या सासऱ्याले नेलं, पोरी. तोंड बी पाहू नाही दिलं मले."

सासऱ्यांचं, बुधाजींचं नाव मग दिवसभर घरात कुणी काढलं नाही.

त्याच आठवड्यात घसा खवखवायला लागला तो दीपमालाचाच. भाजीबाजारातून आणलं असेल, बँकेच्या रांगेतून आणलं असेल. तिनं दुर्लक्ष केलं. आमूला जवळ घेऊन वेणी घातली. दोन दिवसांनी आमूचं नाक वाहू लागलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती जेवणावरून उठली, ती खांदे वर ओढतच. गळ्यापाशी खळगा पडत होता, ओठ फिके झाले होते. मैनाबाईनं ऑटो थांबवला, दीपमालानं पोरीला उचललं.

दवाखान्यात औषधाची वाफ दिल्यावर संध्याकाळी आमूची धाप उतरली. दीपमाला तोंडाला पदर लावून खाटेपासून लांब उभी होती.

"आई, मले सर्दी कोणाची लागली?"

दीपमालाला खोटं बोलवेना. "माझीच."

आमूनं मान तिच्याकडे वळवली. "मंग आता सवताले बी बाहेर ठेवशील?"

डॉक्टरीणबाईंनी या वेळी तिला समोर बसवलं. "ताई, सर्दी येणारच. दार लावून किती दिवस अडवाल? पण रोजचा पंप चालू ठेवला, तर श्वासनळ्यांची सूज ताब्यात राहते. मग सर्दी झाली तरी झटक्याचा धोका बराच कमी होतो. मागंही सांगितलं होतं."

पंप पुन्हा सुरू झाला. शाळाही. मैथिली शिंकत यायची आणि दोघी जमिनीवर पालथ्या पडून चित्रं काढायच्या. दीपमाला आत उभी राहून कान देई. काही ऐकू येत नसे, तेव्हा तिला जास्त भीती वाटे.

दिवाळीच्या सुट्टीत मैनाबाई नातीला गावी न्यायला आली. राजापेठच्या स्टँडवर दीपमालानं रोजचा आणि धाप लागल्यावरचा असे दोन्ही पंप दिले आणि ते कसे द्यायचे हे तिला पुन्हा समजावलं. बस भरलेली होती. आमूच्या मागच्या सीटवर कुणाचं तरी तान्हं लेकरू खोकत होतं, ओलं, घरघरतं. दीपमालाचा हात दाराच्या दांडीवर गेला. मैनाबाईनं ते पाहिलं.

आमूनं खिडकीतून हात बाहेर काढला. दीपमालानं दांडी सोडली, आणि कंडक्टरनं घंटी मारली.