वसुलीचा बँड

आषाढ लागला की ज्ञानबाच्या बँडला कुत्रंसुद्धा विचारत नसे. लग्नं संपलेली, गणपती लांब. सोलापुरातल्या पेठेत त्याचं बँडचं दुकान होतं, तिथं अकरा माणसं, सोनेरी गोंड्यांचे अकरा लाल कोट आणि एक क्लॅरोनेट माशा मारत बसलेले असत. म्हणून सन अठ्ठ्याहत्तरच्या आषाढात सहकारी बँकेचे वसुली अधिकारी वेणीमाधव दुकानात आले तेव्हा ज्ञानबानं ढोल खाली ठेवून त्यांना खुर्ची मोकळी करून दिली.

वेणीमाधवांनी योजना सांगितली. नोटिसा पाठवून थकबाकीदार दमत नाहीत, बँकच दमते. तेव्हा आता त्यांच्या दारात बँड वाजवायचा. गल्ली गोळा झाली की वेणीमाधव नाव आणि बाकी मोठ्यानं वाचणार. दर दाराला वीस रुपये.

"गाणी कुठली वाजवू?" ज्ञानबानं विचारलं.

"ऐकून लाज वाटेल अशी."

"तसली आमच्याकडं लई हायेत की."

पहिल्या दारी एक शिंपी निघाला. बँड ऐकून त्याला कुणाची तरी वरात वाटली आणि तो दोन मिनिटं नाचलाही. नाव वाचल्यावर हात वर तसेच ठेवून थांबला. दुसऱ्या दाराला कुलूप होतं. पण वीस रुपये ठरले होते, म्हणून कुलपासमोर अख्खं गाणं वाजलं.

तिसरं दार बजाबाईचं. ती शेंगाचटणी कुटून विकायची. मुसळ हातात घेऊनच बाहेर आली.

"आरं, मी फेडलंय! चैतातच फेडलंय सगळं!"

वेणीमाधवांनी ज्ञानबाला बोटानं खूण केली, ज्ञानबानं ढोलवाल्या मल्लप्पाला केली. मल्लप्पानं ढोल असा बडवला की बजाबाईचं तोंड हलताना दिसे, पण शब्द एक ऐकू येईना. काम चोख झालं. वेणीमाधवांनी मान डोलावली.

चौथ्या दाराला जाताना पिठाच्या गिरणीपाशी वळले, पुढं बोळात शिरले. ज्ञानबाला वाट ओळखीची वाटली, पण क्लॅरोनेट तोंडात असलेला माणूस विचार करत नसतो. बँड थांबला आणि दारातून त्याची बायको सोनाबाई बाहेर आली.

"आज लवकर आलासा? आन सगळ्यास्नी घेऊन?"

"ज्ञानबा सटवा रणदिवे!" वेणीमाधव कागदातून गरजले. ते त्याला नुसता 'बँडवाला' म्हणूनच ओळखत होते. "वाद्यखरेदी कर्ज! बाकी चारशे दहा रुपये! मास्तर, वाजवा!"

मल्लप्पानं सवयीनं हाणलाच. चार ठोके पडले, मग त्याच्या ध्यानात आलं. पण चार ठोके बोळाला पुरेसे होते. समोरची नागम्मा तांदूळ निवडायचं सूप घेऊनच उंबऱ्यावर आली आणि तिच्या मागं घरटी एक तोंड दिसायला लागलं.

ज्ञानबानं क्लॅरोनेट तोंडातून ओढून काढलं. बँडवाल्याचा धंदा इसारावर चालतो. दिवाळीच्या आधी लोक पोरीच्या लग्नाचा इसार त्याच्या हातात ठेवतात, तो काय कागद बघून? तोंड बघून ठेवतात. बुडव्याच्या हातात कोण ठेवणार?

"मी फेडलंय!" तो ओरडला. "दोन वर्सं झाली फेडून!"

आणि हे वाक्य आपण अर्ध्या तासापूर्वीच ऐकलं होतं, निदान बघितलं होतं, हे त्याला आठवलं. त्यामुळं त्याचा राग आणखीनच चढला.

सोनाबाई आत जाऊन देवांच्या शेजारची काचेची फ्रेम घेऊन आली. त्यात शेवटच्या हप्त्याची पावती होती. दर दसऱ्याला वाद्यांची पूजा झाली की ती काच सरकवून पावतीलाही हळदकुंकू वाही. कर्जानं आलेली वाद्यं, पावतीनं सुटलेली, मग तिला का सोडायचं?

वेणीमाधवांनी फ्रेम उन्हात धरली. "शिक्का कुठंय?"

"कुंकवाखाली."

"मला कुंकूच दिसतंय. बँकेच्या नियमात कुंकू बसत नाही. खरवडा."

"पुजलेलं खरवडू?" सोनाबाईनं फ्रेम हिसकावून घेतली. "तुमच्या मंगळसूत्रवालीला सांगा की कपाळाचं खरवडायला!"

"मल्लप्पा," ज्ञानबा शांतपणे म्हणाला. शांतपणे म्हणजे दात आवळून. "चल. पाचवं दार."

पाचवं दार बँकेचं होतं. ज्ञानबानं तिथं नवरी सासरी निघाल्याची धून धरली आणि सोडलीच नाही. तासाभरात रोखपालबाईंनी तीच गड्डी तीनदा मोजली, तिन्ही वेळा आकडा वेगळा आला आणि डोळ्यांना पदर लागला. त्यांच्या धाकटीचं लग्न वैशाखात झालं होतं. शिपाई दारामागं नाक शिंकरत होता. शेवटी मॅनेजर बाहेर आले.

"थांबवा हो! काय पाहिजे तुम्हाला?"

"जुनी वही."

जुनी वही निघाली. रणदिवे यांच्या पानावर लाल शाईत 'खाते बंद' लिहिलेलं होतं, शिक्क्यासकट, कुंकवाशिवाय. नव्या वहीत नावं उतरवताना लाल शाईतलं 'खाते बंद' कुणी उतरवलंच नव्हतं. मॅनेजरांनी नव्या वहीतलं अक्षर बघितलं, मग वेणीमाधवांकडं बघितलं. वेणीमाधव छताचा पंखा बघत होते.

"चूक आहे. दुरुस्त करू. सोमवारी अर्ज द्या."

"नाव वाजवून घालवलंसा, आन आता अर्जानं आणताय व्हय?" ज्ञानबानं क्लॅरोनेट टेबलावर आडवं ठेवलं. "याच साहेबांनी माझ्या दारात उभं राहून ओरडायचं, फेडलंय म्हणून. आन वाजवायचे चाळीस."

"वीस ठरलेत ना?"

"लाज वाजवायला वीस. मान वाजवायला चाळीस. आन आधी बजाबाईचं पान काढा."

बजाबाईच्या पानावरही लाल शाई होती. चैत्रातली.

बोळात वेणीमाधव ओरडले, नागम्मानं दोनदा ओरडायला लावलं. तिथून वरात बजाबाईच्या दारी आली. इथले पैसे ज्ञानबानं मागितले नाहीत.

बजाबाई उंबऱ्यावर मुसळ आडवं घेऊन बसलेली होती. तिनं सगळ्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं, मग मल्लप्पाकडं बोट केलं.

"ढोलवाल्या, हितं उभा राहा. मी बोट केलं की हाणायचं."

मग ती वेणीमाधवांकडं वळली आणि त्यांच्या नोकरीपासून सुरुवात करून त्यांच्या आजोळापर्यंत गेली. "बाई, ती कारकुनी चूक...," वेणीमाधवांनी तोंड उघडलं. बजाबाईनं बोट केलं. मल्लप्पानं हाणला. वेणीमाधवांचं तोंड हलताना दिसलं, शब्द एक ऐकू आला नाही. असं सात वेळा झालं.

आठव्या वेळी ती ज्ञानबाकडं वळली.

"मावशे, माझं चुकलंच, मी...," ज्ञानबा म्हणाला.

बजाबाईनं बोट केलं. मल्लप्पा नोकर ज्ञानबाचाच होता, ढोलही ज्ञानबाचाच. पण हाणला.