लांबच्या देशाची वकील

कट्ट.

दुपारची जेवणं आटोपून घर कसं गप्प झालं होतं, आणि त्या गप्पपणात आतल्या खोलीतून तेवढाच एक आवाज आला. मग थोडं थांबून पुन्हा. कट्ट. भांडी घासत उभ्या असलेल्या तिचा हात साबणाच्या पाण्यात तसाच थांबला. दुसऱ्या कुणाला तो आवाज कपाटाच्या कडीचा वाटला असता, नाहीतर एखाद्या पेटीच्या खटक्याचा. तिला मात्र तो झोपेतही ओळखू आला असता. नवरा पलंगावर बसून कमरेच्या जाड पट्ट्याचा हूक उघडून-मिटून बघत होता. उंचावर माणूस ज्याच्या भरवशावर लटकतो, तो हूक. वर्षभर हा पट्टा कपाटावर पडून होता आणि आज रविवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याला तो खाली काढावासा वाटला होता.

"काय करतोयस रे?" तिने तिथूनच विचारलं.

"काही नाही. धूळ बसली होती."

धूळ! पंख्यावर महिनोन्‌महिने धूळ बसते, ती कधी दिसली नाही याला.

तो मोठमोठ्या मैदानांची छपरं उभी करणाऱ्या कंपनीत कामाला होता. पोलादी दोर वर न्यायचे, ताणायचे, जागेवर बसवायचे. असं काम रोज निघत नाही. मधल्या काळात कंपनी त्याला गोदामांचे पत्रे ठोकायला लावायची. तोही तोंड वाकडं न करता ठोकायचा. घरी आला की मात्र हाताला चैन नसायचं. या बिजागरीला तेल घाल, त्या नळाचा वायसर बदल, नसलेला बिघाड शोधून काढ.

फुटबॉलची ती मोठी स्पर्धा कुठल्या देशात भरवायची, ते आज संध्याकाळी जाहीर होणार होतं. तीन देश रिंगणात उरले होते. एक शेजारचा. एक श्रीमंत, जिथे ती पूर्वीही भरली होती. आणि एक लांबचा, जिथे ती कधीच भरली नव्हती. पहिल्या दोघांकडे मैदानं तयार होती. लांबच्याला सगळं नव्याने बांधावं लागणार होतं आणि तिथल्या छपरांचं काम नवऱ्याच्या कंपनीकडे येणार, हे जवळजवळ ठरल्यासारखं होतं. गेला की तीन वर्षं गेला.

गुरुवारी चादरींच्या घड्या घालताना त्याने विषय काढला होता. "मुकादम नावं विचारतोय. तू नको म्हणालीस तर नाही देणार. खरंच."

ते खरंच होतं. शब्दाला जागणारा माणूस. आणि तिने काय म्हणावं? "बघू. आधी कुणाला मिळतंय ते तर ठरू दे."

'नको' हा शब्द तिला स्वतःच्या तोंडून काढायचा नव्हता, हीच तर मेख होती. कुठल्यातरी सभागृहात सूटबूट घातलेली माणसं मतं देतील, शेजारच्या देशाचं नाव निघेल आणि आपलं काम परस्पर होऊन जाईल, असं तिने मनाशी धरलं होतं. बंदूक ठेवायला दुसऱ्याचा खांदा असला की बरं असतं.

मागच्या वेळी तो गेला तेव्हा तिला सातवा महिना होता. परत आला, तर लेक पडद्यामागे लपून विचारत होती, "आई, हे काका कधी जाणार?" घरात अजून हसतात त्यावर. तीही हसते. त्या खेपेला त्याच्या टोळीतला एक जण मात्र वरून पडला, तो चालत परत आला नाही. त्याबद्दल नवरा एकदाच बोलला होता, तेही पाठ फिरवून. "नवखा होता गं," एवढंच.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत शिट्टी वाजली. खरीखुरी, मैदानावरची.

"उठा, उठा! सहाला जगाचा निकाल. त्याआधी आपल्या घरचा लागला पाहिजे!"

सासरे उठले होते. आयुष्यभर शाळेत खेळाचे मास्तर आणि सुट्टीच्या दिवशी क्लबांच्या सामन्यांत पंच. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती.

"अण्णा, जरा पाठ टेकू द्या की," दिवाणावर लवंडलेली नणंद कुरकुरली. ती नर्स होती आणि सकाळी ड्यूटी संपवून थेट इकडेच आली होती.

"वेळकाढूपणा! पिवळं कार्ड!" अण्णांनी नातीच्या खेळण्यांतला पिवळा ठोकळा उंच धरला.

नात खदखदून हसली. सहा वर्षांची होती आणि एका जागी कधी बसायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. अण्णांनी तीन चिठ्ठ्या वाटीत टाकल्या. प्रत्येकाने एक देश उचलायचा आणि स्पर्धा त्यालाच का द्यावी ते पटवायचं. गुण भिंगरी देणार.

"आणि बाबा?"

"तुझ्या बाबाचं पोट त्यात अडकलंय. तो नुसता प्रेक्षक."

तिने हात पुसत येऊन चिठ्ठी उचलली, उलगडली. लांबचा.

"अण्णा, मला बदलून द्या ना."

"नशिबाला बदली खेळाडू नसतो, सूनबाई. बसा."

अण्णांना शेजारचा देश आला होता, म्हणून ते आधीच खुशीत होते. "मैदानं आहेत, रेल्वे आहे, हवा आपल्यासारखीच. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं कशाला? आणि मुख्य म्हणजे, एवढ्या जवळ असली तर मी डोळे मिटण्याआधी एक तरी सामना तिथे बसून बघेन. संपलं."

"हा मुद्दा नाही, ही धमकी आहे," नणंद म्हणाली. "भिंगरे, याचे गुण काप."

मग ती श्रीमंत देशाच्या बाजूने उठून बसली. "लाखभर माणसं एका जागी जमतात, कुणाला झटका येतो, कुठे चेंगराचेंगरी होते. तिथे पाच मिनिटांत स्ट्रेचर येतं. मी रोज बघते, वेळेवर न आलेल्या स्ट्रेचरने काय होतं ते. आणि नवीन काही बांधायला नको. नाहीतर तो लांबचा देश! महिनाभराची हौस आणि मग छपराखाली शेळ्या."

आता तिची पाळी. तिने ठरवूनच टाकलं होतं, दोन वाक्यं बोलायची आणि उठायचं.

"लांबचा देश… चांगला आहे. लोकही चांगले आहेत म्हणतात."

"अहाहा!" अण्णांनी कपाळावर हात मारला. "दिवसभर पगार घेऊन लोकांना पटवतेस आणि घरी फुकट बोल म्हटलं की जीभ आखडली?"

"राहू द्या अण्णा," नणंद हसली. "वहिनीला हरायचंच आहे. मी पण तेच केलं असतं तिच्या जागी."

नणंद सहज बोलली होती. पण खरं बोलली होती, म्हणून झोंबलं. आणि वर ती चिमुरडी पंच पेन्सिल रोखून म्हणते, "आई, तुला शून्य देऊ?"

झालं. ती सरळ होऊन बसली.

फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती तक्रारींच्या फोनवर बसायची. पहिल्याच आठवड्यात तिला एक गोष्ट शिकवली होती. समोरचा कितीही ओरडू दे, आधी त्याचं म्हणणं मान्य करायचं आणि मग तेच आपल्या बाजूला वळवायचं. सहा वर्षांत हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की पटतंय का नाही हे स्वतःला विचारायची सवयच गेली होती.

"बरोबर आहे ताई तुमचं," ती म्हणाली आणि तिचा आवाजच बदलला. "तिथे काही नाही. म्हणून तर तिथे द्यायची. ज्याच्या घरी खुर्च्या आहेत त्याच्याच घरी पाहुणे जात राहिले, तर दुसऱ्याच्या घरी खुर्च्या येणार कधी? तिथल्या पोरांनी काय जन्मभर दुसऱ्यांची मैदानं टीव्हीवर बघायची? स्ट्रेचर नाही म्हणता. स्पर्धा येईल तेव्हा स्ट्रेचरही येईल आणि स्पर्धा गेली तरी स्ट्रेचर राहील. आणि शेळ्यांचं म्हणाल, तर आपल्या शाळेचं मैदान का नाही ओस पडलं? अण्णा होते म्हणून. मैदान राखायला माणूस लागतो, श्रीमंती नाही."

अण्णांनी शिट्टी चाचपली आणि तशीच सोडून दिली. सुनेने त्यांना त्यांच्याच मैदानात गाठलं होतं.

नणंद मात्र हरायला तयार नव्हती. "बरं. आणि एवढं सगळं बांधताना माणसं वरून पडतात, त्याचं काय?"

नवरा कधीचा दारात येऊन उभा होता. पट्टा अजून हातातच होता.

इथे तिने थांबायला हवं होतं. इथे नुसतं 'हो गं बाई, पडतात' म्हटलं असतं आणि उठून उरलेली भांडी घासली असती, तरी चाललं असतं. पण गाडी उताराला लागली होती आणि जिभेला हाड नसतं.

"पडतात," ती म्हणाली. "नवख्यांना चढवलं की पडतात. म्हणूनच तिथे जाणती माणसं गेली पाहिजेत. ज्यांच्या हाताला दोर कळतो ती. तीच घरी बसली, तर पडणाऱ्यांचा दोष कुणाचा?"

अण्णांनी लांबलचक शिट्टी फुंकली, भिंगरीने दहापैकी अकरा गुण दिले आणि नणंदेने हात जोडले. "वहिनी, तुझ्याशी भांडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. तुलाच पाठवायला हवं होतं तिकडे मतं मागायला."

नवरा हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं.

"मला हेच वाटायचं," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं. मला असं मांडता येत नव्हतं."

आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार कुणाला?

सहा वाजेपर्यंत तिला बूड टेकवेना. पुसलेला ओटा तिने पुन्हा पुसला. चहा टाकला, तो उतू गेला, पुन्हा टाकला. भिंगरीची वेणी सोडून घातली आणि ती वाकडी झाली म्हणून परत सोडली. "आई, दुखतंय!" पोर ओरडली तेव्हा कळलं, आपण किती ओढून घालतोय ते. शेजारचा, शेजारचा, शेजारचा, असं मनात चाललं होतं. आणि मध्येच, कोण जाणे कसं, तिला ती लांबची पोरं दिसायची. धुळीत चेंडू मारणारी. दुपारी तिनेच आणली होती ती, आता जायचं नाव घेत नव्हती.

टीव्हीवर एका माणसाने पाकीट फोडलं. फोडताना मुद्दाम वेळ लावला. मग नाव वाचलं.

लांबचा.

"आई जिंकली! आई जिंकली!" भिंगरी गादीवर उड्या मारायला लागली. अण्णांनी एक सुस्कारा टाकला आणि सुनेकडे बघून मोठ्या मनाने टाळ्या वाजवल्या. टीव्हीत त्या देशातली माणसं रस्त्यावर येऊन नाचत होती, एक म्हातारी कुणाच्या तरी खांद्यावर डोकं टेकून रडत होती. तिला तिकडे बघवेना. वाळलेले कपडे काढायचं निमित्त करून ती गॅलरीत गेली.

मागोमाग तो आला. हातात फोन थरथरत होता. मुकादम.

"काय सांगू?"

ती दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे काढत राहिली.

"दुपारी बोललीस ते…"

"ते खेळात बोलले रे."

"मला खेळ वाटला नाही तो."

फोन थांबला. पुन्हा थरथरायला लागला. तिच्याकडे हजार तऱ्हा होत्या. अनोळखी, संतापलेल्या माणसाला फोन ठेवताना आभार मानायला लावणाऱ्या. त्यातली एकही आठवेना, किंवा वापरावीशी वाटेना.

"नको जाऊस," ती म्हणाली.

बस्स, तेवढंच. इतके दिवस जे दुसऱ्या कुणी बोलावं म्हणून ती थांबली होती, ते.

तो भांडला असता, दुपारचे तिचेच शब्द तिच्या तोंडावर मारले असते, तर तिला सोपं गेलं असतं. त्याने दोरीवरचा त्याचाच शर्ट काढला, नीट घडी केली, तिच्या हातातल्या ढिगावर ठेवला.

"बरं," म्हणाला आणि फोन घेऊन जिना उतरला.

वरून तिला तो दिसत होता. फाटकापाशी येरझाऱ्या घालत, मोकळ्या हाताने काहीतरी समजावत. पलीकडचा खूप बोलत असावा. मग तो थांबला, मान हलवली आणि फोन खिशात टाकल्यावरही तिथेच उभा राहिला, आता कुठे जायचं ते न सुचल्यासारखा.

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडंसं.

वाळत घातलेल्या चादरीखालून भिंगरी गॅलरीत शिरली. "बाबा जाणार नाही?"

"नाही."

"खरंच्चं?"

"खरंच. मुकादमकाकांना सांगितलं त्याने."

पोरीने तिथल्या तिथे दोन गिरक्या घेतल्या, आईच्या पायांना मिठी मारली, गाल घासला. मग काहीतरी आठवून मिठी सैल केली आणि मान वर करून बघितलं.

"आई, मग तिथलं छप्पर आता कुणाचा बाबा बांधणार?"