शीलानं जेवताना सांगितलेलं

एकवीस बायांची नावं गेल्याचं सोमवारी सकाळी कळलं. धडगावच्या वरच्या पाड्यावरून दिवलीबाईंचा फोन आला. दिवलीबाई आशा कार्यकर्ती. गरोदर बायांच्या नोंदी त्या फोनवरच्या ॲपमध्ये करायच्या. ते ॲप नंदुरबारच्या एका लहानशा ऑफिसात बनलं होतं आणि त्यातला नोंदी पाठवायचा भाग हेमकांतनं लिहिला होता.

"दादा, दवाखान्यानं यादी काढली. शिबिरातली माझी एक पण बाई त्यात नाही. आता फोनमध्ये पण नाही. मी तर सगळ्यांवर हिरवी खूण पाहिली होती."

हिरवी खूण म्हणजे नोंद दवाखान्यात पोचली. खूण लागलेली नोंद साठ दिवसांनी फोनमधून आपोआप पुसली जाते, फोन भरू नये म्हणून. तेही त्यानंच लिहिलेलं.

"वहीत असतील ना बाई?"

"तुम्हीच सांगितलं ना, आता वही नको म्हणून."

त्या नोंदी बाजाराच्या दिवशीच्या शिबिरात झाल्या होत्या. आपल्या पाड्यावरच्या चौदा जणी दिवलीबाईंना तोंडपाठ होत्या. सात लांबच्या होत्या.

"त्यात एकीला लाल खूण होती दादा. रक्त फक्त सहा. हिरवी ओढणी होती तिची. नाव नाही आठवत."

"कितवा महिना?"

"तेव्हा सातवा."

तेव्हा सातवा, म्हणजे आता नववा. लाल खूण म्हणजे जोखमीची बाई; तिच्यासाठी दवाखाना बाळंतपणाच्या आठ दिवस आधी गाडी पाठवतो. आता गाडी कुठे पाठवणार?

पंधरा दिवसांपूर्वी दिवलीबाईंनी ग्रुपवर लिहिलं होतं, 'ॲप बरोबर चालत नाही.' त्यानं उत्तर दिलं होतं, 'माझ्याकडे चालतंय.' त्या पुढे काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी त्या सगळ्या नोंदी त्यांच्या फोनमध्येच होत्या. कोणी एक प्रश्न विचारला असता तर आजही असत्या.

मयूरी, शहाद्याची नवी पोरगी, ॲप तपासायच्या कामाला दोन महिन्यांपूर्वी लागली होती. तिनं सकाळभर तीन फोनांवर नोंदी भरून पाहिल्या. सगळ्या नीट पोचल्या.

"दादा, इथं रेंज फुल आहे. इथं दिसणारच नाही," ती म्हणाली. "बाईंनी नेमकं काय केलं, कोणत्या क्रमानं, ते कळायला पाहिजे."

मालक बन्सीलालशेठ खुर्ची ओढून बसले. "हे शीलानं तपासलं होतं ना रे? तिच्या नावानंच पास झालंय. तिच्या नजरेतून कसं सुटलं?"

शीला हेमकांतची बायको. याच ऑफिसात ॲप तपासायची. चार महिन्यांपूर्वी डेंग्यूनं आठ दिवसांत गेली.

तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. ती तक्रार लिहायची तर कुठे, कोणता फोन, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सगळं लिहायची. सगळे हसायचे. हेमकांत तर म्हणायचा, "आला पंचनामा." पण शनिवारी शेठ तक्रारींची यादी काढून, ॲप बनवून घेणाऱ्या संस्थेच्या लोकांना दाखवायचे, आणि ज्याच्या नावापुढे जास्त तक्रारी त्याला म्हणायचे, "भाऊ, तुझं पान लई भरलंय." म्हणून ऑफिसात रीतच पडली होती. तक्रार लिहायची नाही, चहाच्या टपरीवर कानात सांगायची. नवरा-बायकोला तर टपरीही लागत नव्हती.

आजारी पडायच्या दोन दिवस आधी ती जेवताना घरच्या अहिराणीत बोलली होती.

"हिरवी खूण आधीच लागी जास. नोंद जास नही. दिवलीबाईना फोनवर मी दखं. तू ऐकी ऱ्हायना का?"

"ऐकी ऱ्हायनू."

"मंग सांग, मी काय सांगं?"

"हिरवी खूण," तो भाकरी मोडत म्हणाला होता. "सकाय दखू. आते लिखू नको. शनवारले शेठ यादी दखाडस."

"बरं. पन तू इसरशी."

ही चूक कशी होते त्याच्या तिनं तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. पहिली, रेंज नसताना नोंद भरायची. तिसरी, ॲप पुन्हा उघडायचं. मधलं तिनं काय सांगितलं होतं ते त्याला आठवत नव्हतं. ताटात शेवभाजी होती हे आठवत होतं. तिनं दोन बोटांनी हवेत काहीतरी करून दाखवलं होतं, तेही आठवत होतं. काय केलं होतं, ते नाही.

त्याला दोन भीती होत्या. एक त्या हिरव्या ओढणीवालीच्या जिवाची. दुसरी, हे तोंडातून काढायची. आणि चाळीस आशांचे फोन होते. प्रत्येकात न पोचलेल्या नोंदी हिरवी खूण लावून बसल्या असतील, साठ दिवस भरले की एकेक पुसली जात असेल. तो गप्प बसला असताना.

"शेठ, तिला सापडलं होतं," तो म्हणाला. "तिनं मला सांगितलं. मी लिहू दिलं नाही."

मयूरीनं कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला.

आधी त्यानं ॲपमधलं नोंदी आपोआप पुसणं बंद केलं. मग तक्रार लिहिली, शीला लिहायची तशी.

'कुठे: रेंज येते-जाते तिथे. फोन: दिवलीबाईंचा. काय केलं: १. रेंज नसताना नोंद भरली. २. माहीत नाही. ३. ॲप पुन्हा उघडलं. काय व्हायला हवं: नोंद पोचल्यावरच हिरवी खूण. काय झालं: न पोचता खूण लागली, साठ दिवसांनी नोंद पुसली गेली. कोणाला सापडलं: शीला. कधी: चार महिन्यांपूर्वी. तेव्हा का लिहिलं नाही: हेमकांतनं नको म्हटलं.'

शेवटची ओळ लिहून त्यानं डोळे मिटले. शेठनं सगळं वाचलं. "शनिवारी हे असंच दाखवीन," एवढंच म्हणाले आणि संस्थेला फोन लावायला बाहेर गेले.

संध्याकाळपर्यंत बाकीच्या फोनांमधून न पोचलेल्या त्रेसष्ट नोंदी मिळाल्या. दिवलीबाई दवाखान्याच्या ड्रायव्हरला, फत्तेसिंगला, घेऊन पाडे फिरू लागल्या. फोन वाजला की हेमकांत आधी उठून उभा राहायचा, मग उचलायचा.

"दादा, अजून एक मिळाली. हिरव्या ओढणीवाली नाही."

असे सहा फोन आले. एका पाड्यावर तीन घरं बंद होती. माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली होती, कोणत्या कारखान्यावर ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं.

आज रविवार. हेमकांत आणि मयूरी दोन दिवस दिवलीबाईंच्या टेकडीवर बसून वेगवेगळ्या क्रमानं बटणं दाबून आले. चूक काही पुन्हा झाली नाही. दुसऱ्या पायरीपुढे अजून 'माहीत नाही' असंच लिहिलेलं आहे, आणि सातवी बाई, हिरव्या ओढणीवाली, सापडायची आहे.