बांधावरचा पाला

"नाना, अक्का लावे तो पाला द्या. दखा, हात कसा सुजी गया!"

शेजारच्या अभिमननं बायकोचा हात माझ्यापुढे धरला. ज्वारी कापताना कौतिकच्या करंगळीला विळा लागला होता. आता तिथं पू झाला होता आणि सूज मनगटापर्यंत चढली होती.

माझी बायको सुंदरबाई, गावाची अक्का, वारून महिनाही झाला नव्हता. जखम चिघळली की गावातली माणसं तिच्याकडे येत. ती बांधावरून कसला तरी पाला आणायची, वाटायची आणि रस जखमेवर पिळायची. नाव सांगितलं की पाल्याचा गुण जातो, असं तिच्या आईनं तिला बजावलं होतं. म्हणून ती वाटायला बसली की मीसुद्धा पाठ फिरवून बसायचो. मला वास तेवढा ठाऊक होता.

"माले नाव ठाऊक नही रे."

"बठ्ठी जिंदगी एक घरमा काढी नि बायकोनी तुमले सांगं नही?"

"तिनी सांगं नही, मी इचारं नही."

"अक्का गयी. आते कोनासाठे लपाडतस, नाना?"

मी उठलो. बांधावर जाऊन दिसेल तो पाला चुरगळून हुंगू लागलो. एक तिच्या पाल्यासारखा वाटला. मग दुसराही वाटला. थोड्या वेळानं माझ्या हातांनाच सगळ्यांचा वास येऊ लागला.

अभिमन मागोमाग आला होता. त्यानं ओंजळ पुढं केली. "जो व्हई तो द्या."

द्यावासा वाटला. पण चुकीचा निघाला तर हात जायचा. मी पाला टाकून दिला.

"धुळाले जाय. आत्तेच."

"तठे डाक्टर बोट कापी टाकतस!"

"हात तं राही."

तो थुंकला. पण कोळशावर चालणारी धुळ्याची मोटार निघायच्या आत त्यानं कौतिकला नेलं.

दवाखान्यात करंगळी गेली, शेजारचं बोटही गेलं. अभिमन माझ्याशी बोलेना. म्हाताऱ्यानं मुद्दाम पाला दिला नाही, असं तो पारावर सांगायचा. मी कुणाकुणाला समजावणार? सुंदरबाईनं मला सांगितलं नव्हतं, हे मलाच अजून लागत होतं.

हात बरा झाल्यावर एका सकाळी कौतिक एकटीच आली.

"नाना, अक्कानी खरंच नही सांगं?"

"नही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "वस्ताद बाई! नवराले बी भिताडकडे तोंड करी बसाडे!"

मला हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. ती पदर खोचून चुलीपाशी बसली, पीठ मळलं आणि भाकरी थापू लागली. दोन बोटं नसल्यानं भाकरी एका बाजूनं जाड राहत होती, कड फाटत होती. तिनं ती तव्यावर टाकली, शेकली आणि माझ्या ताटात वाढली.

"कड फाटी गयी का?" तिनं विचारलं.

"नही," मी म्हणालो आणि ताट पुढं ओढलं.