दुसरा गिअर

तपासनीसाने विजेरी दातांत धरली, दोन्ही हात वर नेऊन गिअरबॉक्सच्या सांध्यावरून नख फिरवलं आणि नखाला लागलेला राखाडी तुकडा तिच्यासमोर धरला.

"कंपनीचा सीलंट काळा असतो, मॅडम," विजेरी हातात घेत तो म्हणाला. "हा बाहेरचा आहे. हा गिअरबॉक्स आधी कुणीतरी खोललाय."

लिफ्टवर चढवलेली गाडी दोघांच्या डोक्यावर होती. वरून लालभडक, जमिनीलगत दबा धरून बसल्यासारखी दिसणारी ती गाडी खालून कुठल्याही गाडीसारखीच काळी आणि चिखलाने माखलेली होती. तिने वॉरंटीची पुस्तिका छातीशी धरली होती. तिच्यात आठ महिन्यांच्या साऱ्या पावत्या तारखेवार लावलेल्या होत्या. तिने विचारलं, एखादा थर नंतर चढला असेल, पाणी शिरलं असेल, असं काही होऊ शकत नाही का? त्याने मान हलवली. माणूस तुसडा नव्हता. त्याने तिच्या हातून पुस्तिका घेतली, अकरावं पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अधिकृत कार्यशाळेबाहेर गिअरबॉक्स उघडला गेला असेल, तर वॉरंटी लागू नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच नव्हती.

"मग वॉरंटी देताना तुम्ही काय तपासलंत?"

तेव्हा नुसती चालवून बघतात, असं त्याने सांगितलं. खोलून बघायला बसलं तर एकही जुनी गाडी विकली जाणार नाही. मग तिचा चेहरा बघून त्याला वाईट वाटलं असावं.

"काम मात्र हात बसलेल्या माणसाचं आहे," तो म्हणाला. "तारीखसुद्धा घालून ठेवलीय बघा."

तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि मान वर केली. धातूवर पांढऱ्या रंगाने बारीक आकडे काढलेले होते. तिने गाडी घेतली त्याच्या तीन महिने आधीची तारीख. त्यातल्या सातच्या पोटातून एक आडवी रेघ गेली होती.

आपल्या नेहमीच्या मिस्त्रीच्या हातचा तो सात ती वीस वर्षं पाहत आली होती. आधीच्या छोट्या गाडीच्या बॅटरीवर, ऑइल फिल्टरवर, एकदा तर हौसेने वायपरवरसुद्धा.

ती भूलतज्ज्ञ होती. तीस वर्षं तिने लोकांना झोपवलं होतं आणि शुद्धीवर आणलं होतं, आणि या कामात कुणाच्या शब्दावर विसंबायचं नसतं हे शिकाऊ डॉक्टरांना ती पहिल्याच दिवशी बजावायची. ऑक्सिजनचं नळकांडं स्वतः तपासा, नळी स्वतः तपासा, रुग्ण उपाशी आहे का हे नर्सला नाही, रुग्णाला विचारा. पण ही गाडी घेताना ती मिस्त्रीच्या शब्दावर डोळे मिटून विसंबली होती. मिस्त्री आणि नवरा, या दोघांच्या.

दोन आसनांची गाडी घ्यायची, हे ती पंचविशीपासून म्हणत होती. चोपन्नाव्या वर्षी म्हणाली तेव्हा नवरा हसला, पण नाही म्हणाला नाही. तो कधीच कशाला नाही म्हणत नसे. उलट त्यानेच मिस्त्रीकडे खेपा घातल्या, त्यानेच एक दिवस येऊन सांगितलं की एक लाल गाडी आलीय, मिस्त्रीने पाहून ठेवलीय, दोन वर्षांची वॉरंटीही मिळतेय. इस्पितळातल्या नर्सा म्हणाल्या, मॅडम, तुमचे साहेब म्हणजे देवमाणूस आहेत.

आठ महिने तिने गाडीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. एका टायरच्या किमतीत जुन्या गाडीचे चारही आले असते. तेल वेगळं, ब्रेकच्या पट्ट्या वेगळ्या, विम्याचा हप्ता वेगळा. पण वॉरंटी टिकवायची तर दर सर्व्हिस कंपनीच्याच कार्यशाळेत आणि वेळेवर व्हायला हवी, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. तिने एकही चुकवली नाही. शस्त्रक्रिया लांबली तर कार्यशाळेला फोन करून तास मागून घेतला. सकाळी लवकर निघायचं, मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना पाठीला जो हलका धक्का बसायचा त्यासाठी दिवसभर काहीही सोसायला ती तयार असायची. तीन आठवड्यांपूर्वी दुसरा गिअर पडताना खरवडल्यासारखा आवाज आला. काल तो पडलाच नाही.

मिस्त्रीच्या गॅरेजपर्यंत ती चालत गेली. वाटेत काय बोलायचं ते तिने तीनदा जुळवलं. मिस्त्री बाकावर बसून भुशाने हात चोळत होता. तिला पाहताच त्याने खुर्ची पुसली. ती बसली नाही.

"गिअरबॉक्स तुम्हीच खोलला होता," ती म्हणाली.

"होय. दोनदा." त्याने लगेच सांगितलं, जणू तिने जुनीच गोष्ट काढली होती. "पहिल्या मालकाने फार हाणली होती गाडी. दुसऱ्या गिअरचे दाते झिजलेले होते. मी जमेल तेवढं केलं. गेला का दुसरा?"

तिचे जुळवलेले शब्द एकदम निरुपयोगी झाले. ती म्हणाली की वॉरंटी नाकारली आहे, आणि त्याने हे तिच्यापासून लपवायला नको होतं.

मिस्त्रीचे हात थांबले. "लपवलं? डॉक्टर, मी साहेबांना सगळं सांगितलं होतं. इथेच, याच बाकावर. म्हटलं, वर्षभर काढेल फार तर, आणि वॉरंटीवाले हात वर करतील. म्हटलं, डॉक्टरांसाठी ही नको. एक चंदेरी होती तेव्हा, एका प्राध्यापकाची, जपून वापरलेली. थोडी महाग होती, पण खणखणीत."

"चंदेरी?"

तिच्याकडे बघता बघता त्याचा आवाज हळू झाला. साहेब म्हणाले होते, मी तिच्या कानावर घालतो. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, की तिला सगळं सांगितलं, तरी तिला लालच हवीय. आणि हा विषय तिच्यापाशी काढू नका, उगाच आनंदावर विरजण पडेल, असंही म्हणाले. मिस्त्रीला तेव्हाच थोडं चमत्कारिक वाटलं होतं. डॉक्टरांसारखं माणूस, एक स्क्रू कमी असला तरी विचारणारं. पण हौसेपुढे कुणाचं चालतं, असं त्याने मनाशी म्हटलं.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. ते विचारणं नव्हतं.

ती खुर्चीवर बसली. मिस्त्रीने पाण्याचा ग्लास आणून दिला. तिने तो दोन्ही हातांत धरून ठेवला आणि न पिताच परत दिला. गाडी कार्यशाळेतून तो स्वतः ओढून आणेल, मजुरी घेणार नाही, असं तो म्हणत होता. तिने मान डोलावली. उठताना तिने त्याची माफी मागितली. कशाबद्दल ते त्याला कळलं नसावं.

घरी नवरा तिच्या कपड्यांना इस्त्री करत होता. मागच्या वर्षी सरकारी अभियंत्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून हे काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. खिडकीतून उतरत्या दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं.

"नाही म्हणाले ना?" तिचा चेहरा पाहून त्याने विचारलं.

"नाही म्हणाले."

त्याने इस्त्री बाजूला ठेवून तिच्या खांद्यावर हात ठेवला. जाऊ दे, तो म्हणाला, आठ महिने मजा केलीस. आता गिअरबॉक्सच्या नादी लागायचं म्हणजे गाडीच्या निम्म्या किमतीचं काम. एक जण दोन महिन्यांपूर्वी विचारत होता, आहे त्या स्थितीत घ्यायला तयार आहे. त्याला देऊन टाकू.

दोन महिन्यांपूर्वी गिअर नीट पडत होता. तिने त्याचा हात खांद्यावरून काढला नाही. तो तिथेच असताना तिने विचारलं, "चंदेरी गाडीचं मला का सांगितलं नाहीस?"

हात हळूच निघाला. तो टेबलापाशी परत गेला.

"मिस्त्रीकडे गेली होतीस."

"हो."

तो ओशाळला नाही, चिडलाही नाही. तिने तशी अपेक्षा केली होती का, तेही तिला सांगता आलं नसतं. त्याने विचार करून, तिला समजेल अशा बेताने सांगायला सुरुवात केली. या वयात असली गाडी, पहाटेचे रस्ते, एकटी. त्याला धास्ती वाटायची. ती इस्पितळात पोचल्याचा फोन येईपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. पण तो नको म्हणाला असता तर तिने ऐकलं असतं का?

"नसतं ऐकलं," ती म्हणाली.

"मग? नाही म्हणणारा मला व्हायचं नव्हतं. म्हटलं, वर्षभर चालव, हौस फिटेल. पुढे एखादा मोठा खर्च दारात येऊन उभा राहील आणि तुझं तूच ठरवशील. वाद नाही, मनं दुखावणं नाही." त्याने इस्त्री उचलली. कोटाची बाही सपाट केली आणि तिच्यावरून एकदा सावकाश इस्त्री फिरवली. "असंच बरं असतं."

ती तशीच उभी राहिली. बरं झालं असतं, असं तो म्हणाला नव्हता. बरं असतं, म्हणाला होता. पावसाळ्यात छत्री बरोबर असलेली बरी असते, तसं. पुष्कळदा करून पाहिलेल्या गोष्टीविषयी माणूस बोलतो तसं.

ती बाहेर आली. जिना उतरून खालच्या पायऱ्यांवर बसली. समोरच्या घरातली बाई झाडांना पाणी घालत होती. बाईने हात केला, तिनेही केला.

फोनमध्ये एक नंबर होता, तो दर नव्या फोनमध्ये तिने न चुकता उतरवून घेतला होता आणि एकवीस वर्षांत एकदाही लावला नव्हता. फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीचा. दोघींनी मिळून जुनाट दुखण्यांसाठी उपचार केंद्र काढायचं ठरवलं होतं. बँकेच्या वरच्या दोन खोल्या पाहून झाल्या होत्या. मग एका संध्याकाळी नवऱ्याने निरोप आणला होता, की मैत्रिणीच्या घरचे राजी नाहीत, ती माघार घेतेय, फार शरमलीय बिचारी, तू काही विचारू नकोस. तिने विचारलं नव्हतं. तिला ते जिव्हारी लागलं होतं. आपणहून येऊन सांगेल, म्हणून तिने काही महिने वाट पाहिली होती आणि मग नवऱ्याने सुचवलेली इस्पितळातली नोकरी धरली होती.

बराच वेळ घंटी वाजली. नंबर बदलला असेल, असं वाटत असतानाच फोन उचलला गेला.

"गुंगी?" पलीकडून आवाज आला.

या नावाने तिला हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं. मग दोघींनी एकदमच बोलायला सुरुवात केली, थांबल्या, पुन्हा एकदमच बोलल्या. तब्येतींची चौकशी झाली, मुलांची झाली. मैत्रिणीचा गुडघा बदलला होता, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना व्यायाम सांगून आता स्वतः मात्र ती एकही करत नव्हती. दोघी हसल्या. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "एक विचारायचं होतं. त्या वेळी तू माघार का घेतलीस?"

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मी?"

"हो."

"अगं, मी तर पाटीसुद्धा रंगवायला टाकली होती." मग मैत्रीण एकेक शब्द जपून टाकत बोलू लागली. "तुझा नवरा आला होता घरी. म्हणाला, तुला झेपणार नाही, पण माझ्या तोंडावर नाही म्हणायला तुझा जीव धजत नाही. मी विचारलं तर तू आणखी अवघडशील, म्हणून आपणच विषय मिटवू या, म्हणाला. माझा हात हातात घेऊन सांगत होता. मला राग आला होता तुझा. त्याचा नाही आला."

"त्याचा का नाही?"

"वाटलं, किती जपतो तुला."

वर दार उघडलं. तो कठड्यावरून वाकून खाली बघत होता. वारा सुटलाय, स्वेटर आणून देऊ का, असं तो विचारत होता.

फोन कानाशी तसाच ठेवून तिने वर पाहिलं.

"नको," ती म्हणाली.

तो आत गेला, आणि स्वेटर हातावर टाकून जिना उतरू लागला.